जरा उजळ काढा

"आपल्याकडे कृष्णधवल फोटो भिंतीवर चढतो तो हार घालायला," मामा म्हणाला. "दहा दिवसांच्या पोराचा फोटो तसा काढायचा? तुझी आजी असती तर मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसली असती."

मी नवजात बाळांचे फोटो काढते आणि बहुतेक कृष्णधवलच काढते. मामानं उमेदीची सगळी वर्षं गिरगावातल्या एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये घालवली. त्याला माझं हे कृष्णधवलचं वेड मुळीच पटत नाही. खोताच्या वाडीतल्या त्याच्या घरी, पहिल्या मजल्याच्या लाकडी व्हरांड्यात आमचा या विषयावर वाद झाला. तो इथे मांडते आहे, कारण त्यातले मामाचे मुद्दे हे काम करणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी स्वतःला विचारायला हवेत असे आहेत. निमित्त होतं समोरच्या घरातल्या बाळाचं. कुटुंब ईस्ट इंडियन ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या आधी, घरातल्या घरात, आजीच्या मांडीवर घेतलेले फोटो त्यांना हवे होते. त्याच बाळाचे प्रिंट मी मामासमोर ठेवले होते.

"आम्ही कृष्णधवल काढायचो ते दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला रंग हवाच असायचा. म्हणून तर फोटो हातानं रंगवून द्यायचे. कापसाच्या बोळ्यानं गालांवर गुलाबी, बारीक ब्रशनं ओठ, झबल्याला निळा नाहीतर पिवळा. रंगवणारा माणूस वेगळा असायचा, आणि त्याचा भाव माझ्यापेक्षा जास्त होता. रंगीत रोल स्वस्त झाले तशी माणसं तिकडे गेली आणि परत फिरली नाहीत. आता तू त्यांना मागे खेचतेस. तेही कुठे बसून? या वाडीत! जरा बाहेर बघ."

बाहेर बघायला त्याला सांगावं लागत नाही. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी. इथे एके काळी 65 घरं होती असं सांगतात, आज त्यांतली निम्मीही उरली नाहीत. पण जी आहेत ती पिवळी, निळी, हिरवी, तांबडी. बाहेरून वर जाणारे लाकडी जिने, कठड्यांची नक्षी, दारापुढच्या कुंड्या. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला दुरून येतात ती या रंगांसाठी.

"हाच तर त्रास आहे, मामा," मी म्हटलं. "गल्ली इतकी अरुंद की ऊन सरळ पडतं ते जेमतेम दुपारी. बाकी दिवसभर खिडकीतून येतो तो समोरच्या भिंतीवरून उसळून आलेला उजेड. त्या घराच्या समोरची भिंत पिवळीधमक आहे. रंगीत फोटोत बाळाचा डावा गाल हळदीनं माखल्यासारखा येतो. कपाळावर पडद्याचा हिरवा. तो रंग बाळाचा नव्हेच, वाडीचा आहे."

"मग भिंतीवर पांढरी चादर टाक. उजेड दुरुस्त करता येतो."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही फोटोग्राफर चादरी टाकतोच. म्हणून मी खरं कारण सांगितलं.

बाळ जन्मलं की पहिला प्रश्न असतो मुलगा की मुलगी. त्याच्या पाठोपाठ येतो तो रंगाचा. कुणावर गेलाय? आईसारखा उजळ की बापासारखा सावळा? मुलगी असेल आणि सावळी असेल तर विचारणाऱ्याचा आवाज उतरतो. वर "नाकीडोळी नीटस आहे हो" अशी समजूत घातली जाते. बाळंतीण हे पडल्या पडल्या ऐकत असते. गरोदरपणी केशर घातलेलं दूध तिला आग्रहानं पाजलेलं असतं, तेही याच आशेनं. मी अशा खोल्यांतून फोटो काढत फिरते. रंग काढून घेतला की फोटोपुढे जमलेली माणसं दुसरं काहीतरी बघू लागतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मूठ कशी वळली आहे, वरचा ओठ कुणाचा आहे, डोक्यावर जावळ किती आहे. मला एवढंच हवं असतं.

मामानं एक प्रिंट उचलून उजेडात धरला आणि अंगठ्याचं नख बाळाच्या कानाशी नेलं.

"ही पाळी बघ. गालापेक्षा दोन छटा गडद. नखांच्या मुळाशी बघ, तिथेही तेच. जन्मल्या जन्मल्या कातडीचा रंग पुरता उतरलेला नसतो, त्याला आठवडे लागतात. पण कानाची पाळी आधीच सांगून टाकते. हे गिरगावातल्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. तुझ्या फोटोत हे लपतं असं तुला वाटतं? उलट उठून दिसतं."

मी तो फोटो कितीदा तरी न्याहाळला होता, तो डोळ्यांसाठी. कानाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"आणि आता मुद्द्याचं बोलतो," तो म्हणाला. "काउंटरवर लहान मुलाचा फोटो टाकला की पावती फाडता फाडता एक वाक्य ठरलेलं असायचं. 'जरा उजळ काढा.' मालक पाकिटावर पेन्सिलीनं 'उ' लिहून ते आत पाठवायचा. मग काय करायचं? निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी शिसपेन्सिलीनं हलकेच काम करायचं. तिथे निगेटिव्ह दाट झाली की प्रिंटमध्ये चेहरा फिका उतरतो. नाहीतर एन्लार्जरखाली उजेड दोन सेकंद कमी द्यायचा. एवढ्यात पोर गोरं. कृष्णधवलमध्ये रंग नसतो असं तू म्हणतेस. अगं, कृष्णधवलमध्ये रंग छापणाऱ्याच्या हातात असतो."

मग त्यानं मला त्याच्याही आधीच्या काळातली गोष्ट सांगितली, त्याच्या उस्तादानं त्याला सांगितलेली. जुन्या ऑर्थो फिल्मला लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर ती लाल दिव्यात धुता येई. आता नवजात बाळ म्हणजे काय? कातडी पातळ, रक्तात हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्त, अंग लालबुंद. जे जे लाल ते ते त्या फिल्मवर काळं उतरे. नुकतं जन्मलेलं बाळ त्या फोटोत डागाळलेलं, काळवंडलेलं दिसे. पावडरीचा हात मारूनच मूल कॅमेऱ्यासमोर बसवायचं ही पद्धत पडली ती काही निव्वळ हौसेनं नव्हे. पुढे सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि तेच लाल अंग एकदम गोरं, गुळगुळीत दिसू लागलं.

"आज तुझ्या काँप्युटरवर हे दोन्ही आहे," मामा म्हणाला. "लाल वाढवलास तर बाळ लोण्यासारखं. निळा वाढवलास तर सगळ्या शिरा, चट्टे, लव वर. मग मला सांग, या फोटोत लाल कुठे ठेवला होतास?"

लाल मी वाढवला होता, थोडासा. त्वचेवर नजर अडकू नये म्हणून आमच्या धंद्यात सर्रास वाढवतात. पण त्याच्या प्रश्नाचं खरं वजन मला त्या क्षणी जाणवलं: त्वचेवर नजर अडकू नये ही इच्छा आणि बाळ उजळ दिसावं ही इच्छा या दोन्ही एकच घुंडी फिरवतात.

मी माझ्या बाजूनं जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. रंगीत फिल्म काय मोठी निष्पक्ष होती? कोडॅक कंपनी रंगीत छपाई जुळवायला लॅबना एका गोऱ्या बाईचा फोटो धाडायची. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्या मापानं जुळवलेल्या मशीनमधून आपल्याकडची सावळी माणसं बाहेर पडत ती एकतर विटकरी नाहीतर काळपट. गडद छटा नीट टिपणारी फिल्म करण्याकडे कंपनीनं लक्ष दिलं, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या अशी नोंद आहे. माणसांसाठी आधी कुणी हललं नाही.

"शर्ली कार्ड मी पाहिलंय," मामा म्हणाला. "म्हणून काय रंग टाकून द्यायचा? फिल्म खोटं बोलत होती. आता बोलत नाही. आता दाखवा ना खरा रंग."

मामी तोवर आतून ऐकत होती. तिनं परळच्या वाडिया प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. 1926 पासूनचं ते हॉस्पिटल. लालबाग-परळच्या गिरणगावातल्या किती बायका तिथे बाळंत झाल्या याची गणतीच नाही. ती बाहेर आली ती मामाच्या बाजूनं बोलायला.

"बाळाचा रंग आम्ही दिवसातून चारदा बघायचो. पण गोरा-काळा नव्हे. हातपाय निळसर आहेत का, ओठ निळे आहेत का, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पिवळेपणा चढतोय का. रंग म्हणजे बाळाची तब्येत. तुझ्या फोटोत कावीळ झालेलं पोर आणि ठणठणीत पोर सारखंच दिसेल."

आणि मग तिनं एक गोष्ट सांगितली. 1956 साली इंग्लंडात रॉचफर्डच्या हॉस्पिटलात वॉर्ड नावाची एक सिस्टर होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ती बाहेर आवारात उन्हात नेई. एकदा तिनं डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं, पण एका ठिकाणी गडद पिवळा त्रिकोण. डॉक्टरांना वाटलं काही लावलंय. तर तिथे चादरीचं टोक पडलं होतं. जिथे ऊन पोचलं तिथली कावीळ उतरली होती, जिथे चादर होती तिथली राहिली होती. दोन वर्षांनी त्यावरचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याची सुरुवात तिथली.

एवढ्या वर्षांत मी प्रकाशाबद्दल पुष्कळ वाचलं, पण बाळाच्या कातडीवर प्रकाशानं फोटो काढल्याची ही गोष्ट कुठल्याच फोटोग्राफीच्या पुस्तकात मला भेटली नव्हती. आणि ती पूर्णपणे रंगाची गोष्ट होती. कृष्णधवल डोळ्यांनी ती सिस्टर काहीच बघू शकली नसती.

"पण मामी, तब्येत बघायचं काम डॉक्टरचं, फोटोचं नाही," मी म्हटलं. "आणि तब्येतीचा रंग दोन आठवड्यांत निघून जातो. अल्बम राहतो."

"राहू दे की. मी तुझ्याही बाजूचं एक सांगते," मामी म्हणाली. "1986 च्या ऑगस्टमध्ये केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी झाली, डॉ. इंदिरा हिंदुजांची. सहा तारीख होती. पुढे त्या मुलीचं नाव हर्षा ठेवलं. आमच्या शेजारचंच हॉस्पिटल, सगळीकडे तीच चर्चा. पेपरांचे फोटो काळे-पांढरेच असायचे तेव्हा. पण वॉर्डात येणाऱ्या बायका काय विचारायच्या? धडधाकट आहे ना? आपल्या बाळांसारखंच आहे ना? गोरी का काळी, हे एकीनंही मला विचारलं नाही."

"कारण ती त्यांच्या घरातली नव्हती," मामा म्हणाला. "स्वतःच्या सुनेची असती तर विचारलं असतं."

यावर मामी गप्प झाली. मीही.

हाराचा मुद्दा मात्र मी सोडला नव्हता. कृष्णधवल म्हणजे गेलेल्यांचा फोटो, हे लोकांच्या मनात खोल आहे. कित्येक घरांतून मला त्यासाठी नकार येतो, आणि तो नकार अडाणीपणाचा नाही. मामा सांगतो की त्याच्या स्टुडिओत तीन महिन्यांच्या आतलं मूल क्वचितच येई. बाराव्या दिवशी बारसं, सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर नाही, फोटोनं दृष्ट लागते, हे सगळं होतंच. पण त्याच्या तळाशी भीती होती ती मूल हाती लागेल की नाही याची. 1971 साली देशात हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाची होण्याआधी जात. नाव ठेवायला लोक बारा दिवस थांबत, फोटोला तीन महिने. आधी फोटो काढून ठेवायचा आणि मग तोच तेवढा उरायचा, हे कुणाला सोसणार? 2020 मध्ये तो आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 वर आला. आज पाच-सहा दिवसांच्या बाळाचा फोटो काढायला आई-बाप मला निःशंकपणे बोलावतात, ते या आकड्यांमुळे. या कामाचा पाया कॅमेऱ्यात नाही, लसींत आणि मामीसारख्या बायकांच्या हातांत आहे.

"आणि आता तर प्रत्येक बाळाचा पहिला फोटो कृष्णधवलच असतो," मी म्हटलं. "सोनोग्राफीचा. कुणी त्याला अपशकुन म्हणतं का? फ्रिजवर लावतात."

"त्या कागदावरचं चित्र उडून जातं काही वर्षांत. थर्मल कागद तो," मामातला डार्करूमवाला बोलला.

"पण बघ ना, त्या फोटोबाबत आपण कायदा केला. आधी महाराष्ट्रानं 1988 मध्ये, मग देशानं 1994 मध्ये. प्रत्येक सेंटरवर पाटी आहे की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. म्हणजे बाळाच्या चित्रात काही गोष्टी बघायच्या नाहीत, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी रंगाबाबत तेवढंच करते."

मामा हे ऐकून चिडला. पहिल्यांदाच.

"तो कायदा पोरींचे जीव वाचावेत म्हणून आला. तू रंग झाकतेस त्यानं कुणाचा जीव वाचतो? आणि झाकण्याजोगं असतं तेच माणूस झाकतो. सावळं पोर सावळं दाखवायला तुला लाज का वाटते? रंगीत काढ. सावळा रंग काय असतो ते दाखव. कोवळ्या सावळ्या अंगावर सकाळचं ऊन पडलं की त्यात तांबूस असतं, सोनेरी असतं, खांद्यावर निळसर झाक असते. एवढं देखणं काढ की त्या आजीनं तोंडात बोट घालावं. खोड मोडायची तर अशी मोडते. दिवा मालवून नाही."

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही. आजवर कृष्णधवलवर जे आक्षेप ऐकले त्यांत हा सगळ्यात भारी आहे. तरीही मी माझ्या जागेवरून हललेले नाही, आणि त्याचं कारण ती बाळंतीण आहे. खोड मोडायला वर्षं लागतील. तिला आज, या खोलीत, अंगावर पिणाऱ्या लेकीकडे कुणाची टिप्पणी मध्ये न येता बघायचं आहे. ती मुलगी पंधरा वर्षांची होऊन अल्बम उघडेल तेव्हा तिला स्वतःच्या रंगाबद्दल घरच्यांनी दिलेला निकाल त्यात सापडू नये. पण मामाचा एक मुद्दा मला मान्य करावा लागला: करडा रंग ही काही आपोआप निष्पाप गोष्ट नाही. सावळ्या बाळाला फिकट करडं छापलं तर तो निकालच झाला, फक्त सभ्य भाषेतला.

त्यामुळे मी काय करते ते सांगते. पहिल्या फ्रेममध्ये बाळाच्या शेजारी छपाईचं करडं कार्ड ठेवते, 18 टक्के उजेड परतवणारं. सगळी छपाई त्यावर जुळवते. गालाची छटा जिथे पडते तिथेच राहू देते, मागाहून वर उचलत नाही. लाल-निळ्याच्या घुंड्यांना आता हात लावत नाही. चट्टे दिसतात, लव दिसते, कपाळाची सालपटं दिसतात. नजर त्यांवरून पुढे डोळ्यांपर्यंत जाते की नाही, हे माझ्या उजेडावर आणि माझ्या धीरावर अवलंबून. बाळ डोळे उघडून स्थिर बघतं ते मिनिटभर, तेही पोट भरल्यावर आणि झोप येण्याआधी. चेहरा त्याच्यापासून वीतभर अंतरावर असला तरच. त्या मिनिटासाठी दीड-दोन तास बसायचं. आणि त्या चेहऱ्यावर ठार काळं असं एकच काहीतरी असतं, गालावर लावलेली तीट. बाकी सगळ्या करड्या छटांना तिच्यामुळे माप मिळतं. आजीनं लावलेला तो ठिपका पुसायला मी कधीच सांगत नाही.

"बाळालाही रंगांपेक्षा काळं-पांढरंच आधी खेचतं," मी म्हटलं. रॉबर्ट फँट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1963 मध्ये पाच दिवसांच्या आतल्या बाळांवर प्रयोग केले होते. साध्या लाल-पिवळ्या चकत्यांपेक्षा काळ्या-पांढऱ्या आकृत्यांकडे, चेहऱ्याच्या चित्राकडे, अगदी वर्तमानपत्राच्या तुकड्याकडे ती जास्त वेळ बघत राहिली.

"बाळ काय बघतं याच्याशी काय करायचंय? फोटो कुठे बाळाला बघायचाय?" मामानं तो मुद्दा उडवून लावला, आणि मला वाटतं तिथे तो बरोबर आहे.

इतक्यात फोन वाजला. समोरच्या घरातून बाळाच्या आत्याचा निरोप होता. फोटो खूप आवडले, आजी तर रडल्या. फक्त बाप्तिस्म्याच्या कार्डावर जो घालायचा आहे तो जरा उजळ करून मिळेल का?

मी फोन मामापुढे धरला. त्यानं चष्मा वर करून निरोप दोनदा वाचला.

"पाकिटावर 'उ' लिहायला आता मालकसुद्धा लागत नाही," तो म्हणाला. "काय लिहिणार आहेस?"

"नाही म्हणून."

"कागद असाच छापतो, मशीन असंच आहे, असली सबब सांगू नकोस. बाळ असंच आहे आणि छान आहे, म्हणून सांग."

मी तेच लिहून पाठवलं. मामी म्हणाली की सोबत एक रंगीत फोटोही दे, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. मामाचंही तेच म्हणणं पडलं, फक्त वेगळ्या कारणानं: पिवळ्या भिंतीवर चादर टाकून, सकाळी नऊच्या उजेडात, तो स्वतः शेजारी उभा राहणार. मी अजून हो म्हटलेलं नाही. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी आहे, आणि रोज सकाळी तो मला फोन करून ढग आहेत की ऊन ते सांगतो.